अविटोहोल म्हणजेच अटिला? ५१५ वर्षांचा ताळा आणि बल्गार खानांचा हूण वारसा

खतावणी

गेले दोन महिने मी एकाच पानात अडकलो आहे. माझी सगळी नोकरी हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे आकड्यांचं पान दिसलं की मला पुढं जाववत नाही. आणि हे पान नुसतं आकड्यांचं आहे.

बल्गारांच्या, म्हणजे बल्गेरियाला नाव देणाऱ्या लोकांच्या, जुन्या राजांची ही एक छोटी यादी. जुन्या स्लाव भाषेत लिहिलेली, रशियात मिळालेल्या १५व्या-१६व्या शतकातल्या प्रतींमध्ये टिकून राहिलेली. १८६१ साली अलेक्सांद्र पोपोव यांनी ती उजेडात आणली. मजकूर इतका त्रोटक आहे की सुरुवातीचा भाग मी मराठीत अख्खाच देतो:

अविटोहोल ३०० वर्षं जगला. कूळ दुलो, वर्ष दिलोम त्विरेम. इर्निक १५० वर्षं जगला. कूळ दुलो, वर्ष दिलोम त्विरेम. गोस्तुन, कारभारी, २ वर्षं. कूळ एर्मी, वर्ष दोख्स त्विरेम. कुर्तनं ६० वर्षं राज्य केलं. कूळ दुलो, वर्ष शेगोर वेचेम. बेझमेर ३ वर्षं. कूळ दुलो, वर्ष शेगोर वेम. या पाच राजांनी डॅन्यूबच्या पलीकडे ५१५ वर्षं राज्य केलं, डोकी भादरलेली ठेवून. मग अस्पारुख डॅन्यूबच्या अलीकडे आला.

पहिली गोष्ट. ३०० अधिक १५० अधिक २ अधिक ६० अधिक ३ बरोबर ५१५. बेरीज चोख आहे.

दुसरी गोष्ट. दिलोम, दोख्स, शेगोर हे शब्द स्लाव नाहीत, ग्रीकही नाहीत. नकलणाऱ्यांना त्यांचा अर्थ कळत नव्हता, तरी त्यांनी ते इमानानं उतरवले. पुढं मिक्कोला या फिनिश पंडितानं दाखवलं की ही १२ प्राण्यांच्या वर्षचक्रातली नावं आहेत, आपल्याकडे संवत्सरांची ६० नावं फिरतात तशी. दिलोम म्हणजे साप (तुर्कीत यिलान), शेगोर म्हणजे बैल, दोख्स म्हणजे डुक्कर. त्यापुढचे त्विरेम, वेचेम हे बहुधा महिन्यांचे क्रमांक. किल्ली मिळाली ती ओमुर्ताग खानाच्या चातालारच्या शिलालेखात. तिथं एकाच वर्षाला बल्गार पद्धतीनं 'सिगोर एलेम' आणि ग्रीक पद्धतीनं १५वी इंडिक्शन (१५ वर्षांच्या चक्रातलं वर्ष) म्हटलं आहे, म्हणजे इ.स. ८२१-८२२. चिनी चक्रातही ८२१ हे बैलाचंच वर्ष.

आता ताळा करून बघा. अस्पारुखनं बायझँटाइन सम्राट कॉन्स्टंटाईन चौथ्याचा डॅन्यूबच्या मुखाजवळ ओंग्लोसला पराभव केला ते साल ६८०. त्यातून ५१५ वजा केले की १६५. नुकतंच २०२५ हे सापाचं वर्ष होऊन गेलं. २०२५ मधून १६५ गेले १८६०, आणि १८६० ला १२ नं निःशेष भाग जातो. म्हणजे १६५ सापाचं. यादी म्हणते दिलोम. पुढं ४६५, पुन्हा साप. यादी म्हणते दिलोम. ६१५, डुक्कर. यादी म्हणते दोख्स. ६१७, बैल. शेगोर. ६७७, बैल. शेगोर. ६८०, ड्रॅगन, आणि अस्पारुखच्या 'वेरेनी' या वर्षाचा अर्थ अनेक अभ्यासक ड्रॅगनच लावतात. एकही नोंद चुकत नाही!

ही यादी कुणीतरी हिशेब ठेवून लिहिली आहे, ऐकीव गोष्टींवरून नव्हे. मग तिच्यातलं दुसरं नाव इर्निक आहे याला आपण काय म्हणायचं? हूणांचा राजा अटिला, त्याच्या धाकट्या मुलाचं नाव एर्नाक. आणि एर्नाक ४५३ नंतर, म्हणजे अटिला वारल्यावर, कुठं गेला हे सहाव्या शतकातला इतिहासकार जॉर्डानिस सांगतो: लहान स्किथियात, डॅन्यूबच्या मुखाशी, म्हणजे आजच्या दोब्रुजात.

माझं मत स्पष्ट आहे. इर्निक हा एर्नाक आणि अविटोहोल हा अटिला. दुलो कूळ हे अटिलाचं कूळ. हूणांचं राज्य ४५४ साली नेदाओच्या लढाईत संपलं असं आपण शिकतो, पण राज्य संपलं तरी घराणं संपलं नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी खुशाल खोडून काढावं.

मुळाक्षर

खतावणी, तुमची मेहनत दिसते आहे, म्हणून उत्तरही तपशिलात देतो. ताळा जुळला याचा अर्थ लिहिणाऱ्याला गणित येत होतं, इतकाच. त्यानं लिहिलेलं घडलं होतं हे त्यातून सिद्ध होत नाही. खोट्या जमाखर्चाचीही बेरीज बरोबर येते, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक असणार!

आकड्यांकडेच परत बघा. ३०० म्हणजे १२ च्या बरोबर २५ फेऱ्या. म्हणूनच अविटोहोल आणि इर्निक या दोघांचं वर्ष हुबेहूब सारखं, दिलोम त्विरेम. ६० म्हणजे बरोबर ५ फेऱ्या. म्हणून कुर्त आणि बेझमेर दोघेही शेगोर. खऱ्या माणसांच्या कारकिर्दी अशा चक्राच्या मापानं शिवलेल्या नसतात. मला इथं आठव्या शतकातला एक हुशार माणूस दिसतो. त्याच्याकडे अस्पारुखपासून मागं दोन-तीन पिढ्यांच्या खऱ्या आठवणी आहेत. त्यामागची पोकळी तो पूर्ण फेऱ्यांनी भरून काढतो, म्हणजे वर्षाचं नाव चुकायची भीती नाही.

आता नावांचं. इर्निक आणि एर्नाक जवळचे आहेत, मान्य. पण अविटोहोल आणि अटिला? हा बादरायण संबंध आहे. 'अटिला' हे नावच मुळात बहुधा गॉथिक आहे. 'अट्टा' म्हणजे बाप, त्याचं लाडकं रूप अटिला. त्याच्या पदरी असलेल्या जर्मानिक लोकांनी दिलेलं. त्याच्याच वंशजांनी शेकडो मैल दूर, तीन शतकांनंतर, हेच नाव थोडं वाकडं करून का जपावं?

आणि सगळ्यात मोठी अडचण. तुमच्या हिशेबानं इर्निक ४६५ ला सुरू होतो. अटिला वारला ४५३ साली. मधली १२ वर्षं कुठं गेली?

रानपाखरू

मला यातलं फार कळत नाही, पण हे हूण म्हणजे आपल्याकडे आलेले तेच का? तोरमाण, मिहिरकुल वगैरे?

शिलालेखवेडी

रानपाखरू, थोडक्यात सांगते, कारण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे. तोरमाणाचा लेख एरणच्या वराहमूर्तीवर आहे, मिहिरकुलाच्या १५व्या राज्यवर्षाचा लेख ग्वाल्हेरला, आणि मिहिरकुलाला नमवल्याचं यशोधर्म्यानं मंदसोरजवळ सोंदनीच्या स्तंभावर कोरून ठेवलं. ते बॅक्ट्रिया-गांधारकडून आलेले हूण. बायझँटाइन इतिहासकार प्रोकोपियस तर म्हणतो की श्वेत हूण नावानं हूण असले तरी राहणीनं इतर हूणांसारखे नाहीत, ते स्थायिक आहेत. नाव एकच, राज्यकर्ते वेगळे. अटिलाच्या वारसांच्या यादीत त्यांना बसवू नका.

इथंच सावध व्हायला हवं. आपल्या भाषेत 'यवन' शब्दाचं काय झालं आठवा. आधी ग्रीक, मग पश्चिमेकडून येणारे कुणीही, बखरींपर्यंत येता येता मुसलमान. बायझँटाइन लेखकांच्या हातात 'हूण' शब्दाचं तेच झालं. अटिलाच्या मेजवानीला प्रत्यक्ष बसलेला प्रिस्कस हूणांना सर्रास 'स्किथियन' म्हणतो, जे नाव त्याच्या हजार वर्षं आधीच्या लोकांचं. शंभर वर्षांनी अगाथियस कुत्रिगुर या काळ्या समुद्राकडच्या वेगळ्या टोळीला हूण म्हणतो. त्यामुळे 'ग्रीकांनी बल्गारांना हूण म्हटलं' हा मुद्दा कुणी आणणार असेल तर आधीच सांगते, तो पुरावा नव्हे.

खतावणी

मुळाक्षर, तुम्ही १२ वर्षांचा प्रश्न विचारलात त्याबद्दल आभार, कारण तीच माझी सर्वांत भक्कम बाजू आहे. पहिल्या पोस्टमध्ये मुद्दाम लिहिलं नव्हतं.

मी मोजणी ६८० पासून उलटी केली, कारण ओंग्लोसचं साल पक्कं आहे. पण यादी असं कुठं म्हणते की अस्पारुखची कारकीर्द लढाईच्या सालापासून धरायची? प्राण्याचं वर्ष दर १२ वर्षांनी परत येतं. 'आनंदनाम संवत्सर' एवढंच सांगितलं तर ते शके १५९६ की त्याआधीचं ६० वर्षांपूर्वीचं हे कळत नाही, तसंच इथं. म्हणजे सगळी यादी १२ वर्षं मागं सरकवली तरी एकही नाव बिघडत नाही. ताळा तसाच राहतो.

मग सरकवायची की नाही हे कशानं ठरवायचं? बाहेरच्या पुराव्यानं. कुर्त म्हणजे ग्रीक ग्रंथांतला कुब्रात, अस्पारुखचा बाप, याबद्दल वाद नाही. ६७७ ला तो वारला असं माझी पहिली मोजणी म्हणते. पण बायझँटाइन इतिवृत्तकार थिओफानिस म्हणतो की कुब्रात वारला तेव्हा गादीवर होता तो सम्राट, जो पश्चिमेत मेला. म्हणजे कॉन्स्टन्स दुसरा. सिसिलीत सिराक्यूजला न्हाणीघरात त्याचा खून झाला, साल ६६८. म्हणजे कुब्रात ६६८ च्या आधी गेला पाहिजे. ६७७ बसत नाही. १२ मागं या: ६६५. बसलं.

आता त्याच १२ वर्षांनी संपूर्ण यादी मागं न्या. अस्पारुख ६६८. कुब्रात ६०५. गोस्तुन ६०३. आणि इर्निक...

४५३.

अटिलाच्या मृत्यूचं साल. मी ते कुब्रातच्या मृत्यूवरून काढलं आहे, अटिलावरून नाही. थिओफानिसला इर्निकचं नावही ठाऊक नव्हतं आणि यादी लिहिणाऱ्यानं थिओफानिस वाचला असणं शक्य नाही, तो नंतरचा. दोन टोकांनी स्वतंत्रपणे खणलेला बोगदा मधोमध भेटावा तसं हे आहे. मला खरंच रात्री झोप लागली नव्हती.

गवताळ

वा! हे मी पहिल्यांदाच वाचतो आहे. मुळाक्षर, यावर उत्तर द्याच.

तळटीप

उत्तर येईपर्यंत एक भर घालतो, कारण या पोराची गोष्ट इथं कुणीच नीट सांगितली नाही. ४४९ साली प्रिस्कस वकिलातीबरोबर अटिलाच्या लाकडी वाड्यात गेला होता. रात्रीची मेजवानी. पाहुण्यांना चांदीची ताटं, अटिलाला स्वतःला लाकडाची थाळी आणि लाकडाचा पेला. विदूषक झेर्कोन आला, सगळे हसून लोटपोट, अटिला मात्र दगडासारखा बसलेला. तेवढ्यात धाकटा एर्नाक आत आला. अटिलानं त्याला गालाला धरून जवळ घेतलं आणि प्रेमानं पाहत राहिला. प्रिस्कसला नवल वाटलं. शेजारी बसलेल्या लॅटिन जाणणाऱ्या हूणानं त्याला हळूच सांगितलं की भविष्यवेत्त्यांनी अटिलाला सांगून ठेवलं आहे, तुझं घराणं लयाला जाईल, पण हा मुलगा ते पुन्हा उभं करील.

बाकीच्या मुलांचं काय झालं बघा. थोरला एलाक नेदाओला गेपिडांचा राजा आर्दारिक याच्याशी लढताना पडला. देंगिझिखचं मुंडकं ४६९ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये लोकांना दाखवायला ठेवलं होतं. एर्नाकचा असा शेवट कुणी नोंदवलेला नाही. त्याआधी दोघा भावांनी सम्राट लिओकडे वकील पाठवून डॅन्यूबवर बाजारपेठ मागितली होती. नकार आल्यावर देंगिझिखला लढाई हवी होती. एर्नाक म्हणाला, माझ्या मुलुखातच लढाया चालू आहेत, मला यात ओढू नकोस.

हा माणूस टिकून राहिला. कुणी घराण्याचा मूळपुरुष होणार असेल तर तो असाच, शहाणपणानं मागं सरणारा.

मुळाक्षर

खतावणी, आधी प्रामाणिकपणे सांगतो, ४५३ चा मुद्दा मला हलवून गेला. दोनदा कागदावर करून पाहिला. गणित बरोबर आहे.

पण त्याचं वजन किती? १२ प्राणी आहेत. कुठलंही साल घेतलं तरी ते सापाचं निघण्याची शक्यता १२ त १. यादी किती मागं सरकवायची तर ० किंवा १२ किंवा २४, हे ठरवायची मोकळीक तुम्हाला होतीच. थिओफानिसनं ती मोकळीक कमी केली, हे मान्य. तरीही १२ त १ ही गोष्ट रोज घडते. तेवढ्यावर घराणं उभं करायचं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

शिवाय ६०५ चं काय करायचं? इजिप्तमधला निकियूचा जॉन सांगतो की कुब्रात लहानपणी कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात वाढला, तिथंच त्याचा बाप्तिस्मा झाला, सम्राट हेराक्लियसचा त्याच्यावर मोठा लोभ होता. हेराक्लियस सम्राट झाला ६१० ला! मग ६०५ पासून राज्य कोण करत होतं? ते ६० हे राज्य नसून आयुष्य असेल किंवा शोभेचा आकडा असेल. दोन्हीपैकी काहीही धरलं तरी 'एकही नोंद चुकत नाही' हे तुमचं पहिलं वाक्य मागं घ्यावं लागतं. डॅन्यूबच्या अलीकडचं तर विचारूच नका. अस्पारुखला यादी ६१ वर्षं देते. ६८० अधिक ६१ म्हणजे ७४१, आणि ६६८ धरलं तरी ७२९. पण ७०५ साली जस्टिनियन दुसऱ्याला गादीवर परत बसवून 'सीझर' ही पदवी मिळवणारा तेर्वेल होता, अस्पारुख नव्हे.

आणि ती १५० वर्षं. इर्निक एकटा १५० वर्षं जगला असं यादी म्हणते. पण त्या दीडशे वर्षांत काळ्या समुद्राच्या उत्तरेला काय काय झालं ते आपल्याला ठाऊक आहे. ५२८ साली क्रिमियाजवळचा हूण राजा ग्रोद बाप्तिस्मा घेऊन परतला, मूर्ती वितळवायला लागला आणि त्याच्याच पुजाऱ्यांनी त्याला मारलं. भाऊ मुगेल गादीवर आला. ५५९ मध्ये कुत्रिगुरांचा झाबेर्गान गोठलेली डॅन्यूब ओलांडून थेट कॉन्स्टँटिनोपलच्या वेशीवर आला आणि म्हाताऱ्या सेनापती बेलिसारियसला पुन्हा चिलखत चढवावं लागलं. उतिगुरांचा सांदिल्ख जस्टिनियनच्या पैशावर त्याच्याशी लढला. मग अवार आले, मग पश्चिमी तुर्क आले. यांतलं एकही नाव यादीत नाही. स्वतःच्या पणजोबांच्या काळातली नावं विसरलेल्या घराण्यानं त्याच्याही मागचा एर्नाक मात्र अचूक लक्षात ठेवला?

शिलालेखवेडी

मुळाक्षर, झाबेर्गान दुलो कुळाचा होता असं कोण म्हणतं? नसेल तर तो यादीत का यावा? यादी घराण्याची आहे, प्रदेशाची नाही.

तुमच्या यादीत एक नाव राहिलं ते मात्र जोडते. ५२८ च्याच सुमाराला साबिर हूणांवर बोआ नावाची राणी राज्य करत होती. नवरा मेल्यावर एक लाख लोकांची धनीण झाली, असं इतिवृत्तकार मलालास लिहितो. दोन हूण सरदार इराणच्या मदतीला निघाले होते, तिनं त्यांना वाटेत गाठलं, एकाला लढाईत मारलं, दुसऱ्याला बांधून कॉन्स्टँटिनोपलला पाठवलं. हूण राज्यकर्त्यांवर इतकं लिहिलं जातं आणि तिला एक ओळसुद्धा मिळत नाही, याचं मला वाईट वाटतं.

गवताळ

'दुलो' या नावाकडे कुणीच लक्ष देत नाही. पश्चिमी तुर्कांच्या दोन शाखांपैकी एकीचं नाव चिनी ग्रंथांत 'दुओलू' असं येतं. काळ सातव्या शतकाचा, म्हणजे कुब्रातचाच. कुब्रातचं घराणं तुर्क खागानांच्या पडझडीतून वर आलेलं असेल तर अटिलाची गरजच उरत नाही. जवळचं सोडून लांबचं का धरायचं?

खतावणी

कारण जवळचंही नुसत्या नावाच्या साम्यावरच उभं आहे, गवताळ. मुळाक्षर मला अविटोहोल-अटिलाबद्दल जे सुनावतात तेच दुलो-दुओलूला लागू आहे. दोन्हीकडे एकच माप लावा.

हेराक्लियस आणि ६०५ चा मुद्दा मला लागला. त्यावर माझ्याकडे आज उत्तर नाही. ६० वर्षं हे कुब्रातचं आयुष्य असावं असं म्हटलं की सुटतं, पण यादीत तिथं 'जगला' नाही, 'राज्य केलं' असा शब्द आहे, आणि मी सोयीचा अर्थ लावणार नाही.

सांजवारा

मी काही काळ बल्गेरियात नोकरीला होते, म्हणून लिहिते. तुम्ही सगळे हे गणितासारखं सोडवताय, पण तिथं हा प्रश्न लोकांच्या जिव्हारी लागतो. १९८१ मध्ये राज्याच्या स्थापनेला १३०० वर्षं झाली म्हणून मोठा उत्सव झाला. ६८१ चा तह, अस्पारुख, सगळीकडे घोडेस्वार. आणि त्यानंतर तीनच वर्षांनी देशातल्या तुर्क लोकांची नावं सक्तीनं बदलायची मोहीम सुरू झाली. ज्या राजांच्या भाषेला अभ्यासक तुर्की गटातली म्हणतात त्यांचा उत्सव आणि शेजारच्या तुर्काचं नाव पुसणं, हे एकाच दशकात. पुढं बल्गार मुळात पामीरकडचे, इराणी वंशाचे होते हा विचार तिथं जोर धरू लागला. अस्पारुख नावात 'अस्प' आहेच, आपला अश्व. नाव इराणी असेल, वर्षाची नावं तुर्की आहेत, पाया स्लाव शेतकऱ्यांचा आहे. माझ्या तिथल्या मैत्रिणीला हे सगळं एकत्र सांगितलं तर ती गप्प व्हायची. तिला एकच पूर्वज हवा होता.

अविटोहोलचं नाव तर अंटार्क्टिकापर्यंत गेलं आहे. लिव्हिंग्स्टन बेटावरच्या एका टोकाला बल्गेरियानं ते दिलं आहे. तो खरा होता की नाही, नकाशावर आता आहे.

तळटीप

सांजवारा, भाषेबद्दल पुस्ती. या वर्षनावांना आणि आकड्यांना सर्वांत जवळची जिवंत भाषा म्हणजे व्होल्गाकाठची चुवाश. तुर्कीत यिलान, चुवाशमध्ये शेलेन, यादीत दिलोम. 'वेचेम'मध्ये चुवाशचा तीन दिसतो. कुब्रातच्या मुलांपैकी कोत्रागची माणसं उत्तरेला गेली अशी परंपरा आहे. तिथल्या बल्गारांकडे ९२२ साली बगदादहून इब्न फदलान पोचला. म्हणजे बल्गेरियात जी भाषा स्लाव समुद्रात विरघळली तिची बहीण हजार मैलांवर अजून बोलली जाते. मला हा वारसा अटिलाच्या रक्तापेक्षा मोठा वाटतो.

आणि कुब्रातनं मुलांना काठ्यांची मोळी देऊन एकीचं महत्त्व पटवलं, ही गोष्ट कृपया कुणी पुढं टाकू नका. थिओफानिसमध्ये एवढंच आहे की बापानं वेगळे होऊ नका सांगितलं आणि मुलं वेगळी झाली. मोळीची गोष्ट प्लुटार्कनं स्किल्युरस या स्किथियन राजाबद्दल सांगितलेली आहे. कुब्रातचा अस्सल पुरावा हवा तर १९१२ साली पोल्ताव्हाजवळ माली पेरेश्चेपिनाला सापडलेलं धन बघा. वीस किलोंहून जास्त सोनं, आणि अंगठ्यांवर ग्रीक अक्षरांच्या गुंफणीत त्याचं नाव.

गवताळ

२०२५ मध्ये ३७० प्राचीन माणसांच्या जनुकांचा अभ्यास आला होता. युरोपातल्या हूण काळातल्या काही थोड्या माणसांचं नातं थेट मंगोलियातल्या शिओंग्नू या प्राचीन भटक्या साम्राज्याच्या सरदारांच्या थडग्यांपर्यंत गेलं. म्हणजे घराण्यांच्या अशा लांबच्या आठवणींत तथ्य असू शकतं. हे मी माझ्याच मताविरुद्ध लिहितो आहे.

मुळाक्षर

काही थोडी माणसं. बहुतेकांचं नातं तसं निघालं नाही. आणि अटिलाचं थडगं कुणालाही मिळालेलं नाही, त्यामुळे दुलो कुळाशी ताडून बघायला काही नाही.

शिलालेखवेडी

आता मी खतावणींच्या बाजूनं एक मुद्दा मांडते, बघा टिकतो का. ही यादी खोटी रचायची तर कुणाला फायदा? दुलो कुळाला. पण यादीच स्पष्ट सांगते की कोर्मिसोशनं दुलोंचं राज्य बदललं, त्याचं कूळ वोकिल. त्यानंतर तेलेत्स आला, त्याचं कूळ तिसरंच. शेवटचा उमोर, पुन्हा वोकिल, राज्य ४० दिवस. म्हणजे यादी पूर्ण झाली तेव्हा दुलो गादीवरून गेलेले होते. गादी बळकावणारे आपल्या शत्रूच्या घराण्याला अटिलाची फुकटची वंशावळ का चिकटवतील? त्यांनी हे लिहू दिलं, कारण ते सगळ्यांना आधीपासून ठाऊक होतं.

खतावणी

हे मला सुचलं नव्हतं. मन:पूर्वक धन्यवाद.

मुळाक्षर

चांगला मुद्दा आहे, आणि म्हणूनच यादी पुन्हा वाचली. अस्पारुख डॅन्यूबच्या अलीकडे आला असं म्हटल्यावर लगेच तिथं शब्द आहेत, 'आणि आतापर्यंत'. आतापर्यंत! हे उमोरच्या काळात, पाच-सहा राजे होऊन गेल्यावर, कोण लिहील? तिथं एक शिवण आहे. ५१५ ची बेरीजही तिथंच केलेली आहे, शेवटी नाही. पहिला तुकडा अस्पारुखच्या किंवा तेर्वेलच्या दरबारात, दुलोंच्या भरभराटीत तयार झाला, आणि पुढच्यांनी त्याला खाली नावं जोडली, असं मला वाटतं. मग फायदा कुणाचा, हे उघड आहे. नुकतीच डॅन्यूब ओलांडली आहे, सम्राटाकडून दरसाल खंडणी मिळते आहे, आणि जिथं तळ ठोकला तो मुलूख नेमका एर्नाकचा, दोब्रुजा. हा मुलूख आमच्याच पूर्वजाचा होता असं म्हणायला त्याहून चांगली वेळ कुठली?

शिलालेखवेडी

शिवणीचं पटलं. हरकत मागं घेते. पण एक राहतंच. दोब्रुजात एर्नाक राहिला होता हे तेर्वेलच्या दरबाऱ्यांना कुणी सांगितलं? जॉर्डानिस लॅटिनमध्ये लिहीत होता. ते वाचून कुणी तिथं वंशावळ रचली असेल असं मला वाटत नाही. आठवण कुणाची का असेना, दुलोंची किंवा स्थानिकांची, पण आठवण होती.

मुळाक्षर

आठवण होती, इथपर्यंत येतो. रक्त होतं, इथपर्यंत नाही.

खतावणी

मी वहीत दुरुस्ती केली आहे. 'एकही नोंद चुकत नाही' हे वाक्य खोडलं. कुर्तसमोर ६०५ च्या जागी रिकामी चौकट सोडली आहे. अविटोहोलपुढं पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह. ३०० वर्षं जगलेला माणूस अटिला आहे असं मी यापुढं छातीठोकपणे म्हणणार नाही. इर्निकपुढं मात्र शाईनं बरोबरची खूण आहे आणि शेजारी ४५३.

मुळाक्षर

तिथंही सध्या पेन्सिलच वापरा.